घामाच्या हवेत दाढी राखताना

मुंबईच्या उपनगरांत मराठी घरातल्या कितीतरी मुलांची पहिली दाढी श्रावणात वाढते. आषाढ अमावास्येपूर्वी एकदा गुळगुळीत करून घ्यायची आणि पुढचा महिनाभर गालाला वस्तरा लावायचा नाही, हा नेम घाटकोपरच्या भटवाडीत, मुलुंडच्या गव्हाणपाड्यात, बोरिवलीच्या जुन्या चाळींत अजून पाळला जातो. वडील पाळतात म्हणून मुलगाही पाळतो. पिठोरी अमावास्या उलटली की गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत सलूनबाहेरच्या बाकड्यावर जागा मिळत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत फरक पडला तो असा, की त्या बाकड्यावरून उठून खुर्चीत बसणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळजण दाढी उतरवायला सांगत नाहीत. "काढू नका, सेट करून द्या," म्हणतात.

दाढी ठेवायची की नाही आणि ठेवायची तर कोणती, हे ठरवायला श्रावणाइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही असे मला वाटते. चेहऱ्यावरचा केस दिवसाला साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढतो, म्हणजे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. एवढ्या लांबीत सगळे दिसून येते: मिशी हनुवटीला मिळते की नाही, गालावर कुठे विरळ जागा आहे, मानेवरचे केस कोणत्या दिशेला वळतात. आणि हा महिना मुंबईतला सर्वांत दमट महिना. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. या हवेत, आठ बावनच्या लोकलच्या गर्दीत, छत्री आणि बॅग सांभाळत जी दाढी त्रास न देता टिकली, ती वर्षभर टिकेल. फोनमधला फोटो दाखवून 'अशी करा' म्हणताना हा हिशेब होत नाही. फोटोतला माणूस बहुधा एअर कंडिशनरमध्ये बसलेला असतो.

ही दाढीची लाट उपनगरांत कशी पोचली, ते आधी पाहू. दाढीच्या फॅशनला चढउतार असतात हे अभ्यासाने दाखवलेले आहे. ड्वाइट रॉबिन्सन या अभ्यासकाने 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधली १८४२ ते १९७२ या काळातली पुरुषांची चित्रे आणि छायाचित्रे मोजून १९७६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कल्ले, मग दाढी, मग नुसती मिशी आणि शेवटी सफाचट चेहरा अशा लाटा एकामागून एक आल्याचे त्यात दिसते. आपल्याकडचा क्रम वेगळा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि विनोबा भावे यांच्या दाढ्या महाराष्ट्राला परिचयाच्या, पण त्या वैराग्याच्या किंवा वयाच्या खुणा मानल्या गेल्या. नोकरदार मराठी माणूस विसाव्या शतकात मिशी ठेवून किंवा सगळेच उतरवून वावरला. सत्तरच्या दशकात झब्बा, शबनम पिशवी आणि दाढी असा एक वेश चळवळीतल्या, प्रायोगिक नाटकातल्या आणि कवितेतल्या तरुणांनी घेतला, पण तो चर्चगेटच्या कचेऱ्यांत शिरला नाही. मुलाखतीला जाताना दाढी करून जायचे, ही शिकवण त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे घराघरांत चालू होती.

त्या शिकवणीवर मोठा धंदा उभा होता आणि त्याचे एक मुख्य ठिकाण अंधेरीतच आहे. जिलेट इंडियाचे कार्यालय अंधेरी पूर्वेला चकाल्यात. २००९ च्या सुमारास याच कंपनीने भारतात आळशी खुंटांविरुद्ध मोहीम चालवली, महिलांना पुढे करून पुरुषांना रोज दाढी करायला सांगितले आणि २०१० मध्ये 'जिलेट गार्ड' हा पंधरा रुपयांचा रेझर बाजारात आणला. त्याचे पाते पाच रुपयांना मिळे. इतक्या मेहनतीनंतर पाचेक वर्षांत वारे फिरले. जुलै २०१९ मध्ये जिलेटची जागतिक मालक प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आपल्या हिशेबात जिलेटचे मूल्य सुमारे आठ अब्ज डॉलरनी घटवले. चलनांची घसरण हे एक कारण तिने दिले, आणि पुरुष पूर्वीपेक्षा कमी वेळा दाढी करतात हे दुसरे.

मधल्या काळात काय झाले? एप्रिल २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की सभोवती दाढीवाले कमी असतील तेव्हा दाढी अधिक आकर्षक वाटते, आणि सगळेच दाढीवाले झाले की सफाचट चेहरा उठून दिसतो. म्हणजे लाट उतरण्याची वेळ आली, असे तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. आपल्याकडे मात्र ती तेव्हा चढत होती. विराट कोहली आणि रवींद्र जडेजा यांच्या दाढ्यांनी क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना वेड लावले. २०१७ च्या आयपीएलमध्ये जडेजा, बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा, डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे आणि हार्दिक पंड्या यांनी दाढ्या बदलण्याची टूम काढली. कोहलीने नकार दिला आणि उपनगरांतली मुले कोहलीच्या मागे गेली. 'पद्मावत', 'केजीएफ', 'कबीर सिंग', 'पुष्पा' या चित्रपटांनी दाढी आणखी लांब आणि दाट केली.

मराठी तरुणांच्या बाबतीत आणखी एक प्रवाह मिसळला, आणि तो वरवरचा नाही. शिवचरित्रावरचे चित्रपट, गडकोट मोहिमा, कपाळावर चंद्रकोर, आणि त्यासोबत टोकदार हनुवटीची, कल्ल्यांशी जोडलेली दाढी. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला आणि संभाजीराजांच्या भूमिकेतल्या विकी कौशलने राखलेली दाढी मालाड-बोरिवलीच्या सलूनमध्ये मागितली जाऊ लागली. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाण्याचे दिवंगत शिवसेना नेते आनंद दिघे यांच्या दाढीचे फलक दिसतात, आणि त्यांच्यावरच्या २०२२ च्या 'धर्मवीर' चित्रपटानंतर तीही अनेकांनी उचलली. या दाढीत आदर आहे, म्हणून तिच्याकडे नुसती फॅशन म्हणून पाहू नये. तरीही सांगावेसे वाटते, की ही टोकदार दाढी शोभायला हनुवटीवर दाट वाढ लागते आणि ती राखायला आठवड्यातून एकदा तरी कात्री लागते. दोन्ही नसेल तर ती खाली लोंबते आणि चेहरा उगाच ओढलेला दिसतो.

ज्यांच्यासाठी दाढी ही निवडीची बाबच नाही, असे कितीतरी शेजारी याच उपनगरांत राहतात. मुलुंड कॉलनीतले शीख, जोगेश्वरी-कुर्ल्याचे मुसलमान, मरोळमध्ये दाऊदी बोहरा समाजाची अल जामिया तुस सैफिया ही संस्था उभी आहे तिथले विद्यार्थी आणि गुरुजन. गोरेगावच्या बांगूर नगरातल्या अय्यप्पा मंदिरात माळ घातलेले भक्त शबरीमलेच्या एकेचाळीस दिवसांच्या व्रतात दाढी करत नाहीत. घाटकोपर-मुलुंडच्या उपाश्रयांतले जैन साधू वस्तरा न वापरता केस हातांनी उपटतात. दाढीचा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. हवाई दलातल्या मुस्लिम जवानाला धार्मिक कारणासाठी दाढी ठेवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. महाराष्ट्र राज्य राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाचे दाढीचे प्रकरणही मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. नौदलात मात्र परवानगी घेऊन पूर्ण दाढी राखता येते.

आता निवडीकडे येऊ. सलूनमध्ये भिंतीवर लावलेले चेहऱ्याच्या आकारांचे तक्ते अगदी चुकीचे नाहीत. गोल चेहऱ्याला बाजू आखूड आणि हनुवटीवर थोडी लांबी; लांबट चेहऱ्याला उलटे, गालावर भरणा आणि खाली आखूड; हनुवटी मागे असेल तर तिच्यावर दाट दाढी उपयोगी पडते. पण हे सगळे त्या माणसाच्या गालावर केस कसे उगवतात यावर अवलंबून आहे, आणि तिथे आकाराचे नियम थांबतात. दाढीचा दाटपणा आनुवंशिक असतो. केसांची मुळे टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकांना कसा प्रतिसाद देतात, यावर तो ठरतो. बऱ्याच जणांची दाढी पंचविशी-तिशीपर्यंत भरत राहते. अठराव्या वर्षी गाल विरळ असणे हा आजार नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही. हे मला जोर देऊन सांगायचे आहे, कारण ज्युनिअर कॉलेजातली मुले या गोष्टीने खरोखर खंतावतात आणि त्यांच्या खंतीवर बाजार चालतो.

ज्यांची वाढ विरळ आहे त्यांनी तीन ते पाच मिलिमीटरवर थांबावे. या लांबीत विरळ जागा आणि दाट जागा यांतला फरक डोळ्यांना कमी जाणवतो. केस वाढले की दाट जागा आणखी दाट होतात आणि मधली पोकळी उघडी पडते. मिशी हनुवटीच्या दाढीला मिळत नसेल तर जबरदस्तीने रेषा जोडू नये, दोन्ही वेगळी ठेवावी. ज्यांची फक्त हनुवटी भरते त्यांना फ्रेंच कट अजूनही चांगला दिसतो. आज तो जुना वाटतो म्हणून सोडायचे कारण नाही. २०१३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्याच दोन संशोधकांनी केलेल्या पाहणीत स्त्रियांनी सफाचट, हलके खुंट, दाट खुंट आणि पूर्ण दाढी यांपैकी दाट खुंटांना सर्वाधिक पसंती दिली होती. उपनगरातल्या घामाच्या हवेत सोयीची लांबीही तीच आहे.

दाढी बिघडते ती बहुतेक वेळा मानेवर. जबड्याच्या हाडालगत रेषा मारली की समोरून जबडा उठून दिसतो खरा, पण मान खाली केली की हनुवटीखालचे मांस उघडे पडते आणि दुहेरी हनुवटी दिसते. ही रेषा कंठमण्याच्या दोन बोटे वर घ्यावी आणि तिथून दोन्ही कानांमागे सैल वळणाने न्यावी. त्याखालचे सगळे काढावे. गालावरची रेषा शक्यतो निसर्गाने दिली तिथेच ठेवावी, वरचे दोन-चार उडते केस काढावेत. कारागिराला कात्री-वस्तऱ्याने धारदार रेषा काढायला आवडते, कारण त्यात त्याचे कौशल्य दिसते; पण ती रेषा तिसऱ्या दिवशी खुंटांनी भरून जाते आणि मग चेहरा अस्वच्छ दिसतो. ज्यांना आठवड्यातून दोनदा सलूनला जायला जमते त्यांनीच ती मागावी. कल्ले आणि डोक्याचे केस जिथे मिळतात तिथे फेड करून घेतला तर डोके आणि दाढी एकसंध दिसतात. हे काम घरी करू नये.

कामाचे ठिकाण हा निवडीतला पुढचा भाग. अंधेरीच्या आरामनगरात ऑडिशनला रांगा लावणाऱ्या मुलांना दाढी ही कामाची वस्तू आहे. भूमिकेसाठी वाढवायची आणि चित्रीकरण संपेपर्यंत त्याच लांबीत राखायची. बँका आणि आयटी कंपन्यांत आता नीट ठेवलेल्या दाढीला कुणी हरकत घेत नाही. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये काम करणाऱ्यांना दाढीवर जाळी लावावी लागते. रुग्णालयात किंवा धुळीच्या कारखान्यात एन-९५ मास्क वापरावा लागत असेल, तर दाढीमुळे मास्कची कड चेहऱ्याला चिकटत नाही आणि बाजूने हवा शिरते. मास्कच्या कडेखाली येणारी दाढी अशा माणसांनी ठेवू नये. हवी तर फक्त मिशी किंवा हनुवटीपुरती छोटी दाढी ठेवावी. करोनाच्या साथीत शीख डॉक्टरांनी दाढीवर रबरी पट्टा ताणून बांधायची आणि त्यावर मास्क लावायची युक्ती काढली. तिला 'सिंग ठाठा' म्हणतात, आणि ज्यांना दाढी काढणे शक्य नाही त्यांच्यासाठी ती खरी सोय झाली.

पण उपनगरातल्या दाढीचा खरा प्रश्न त्वचेचा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोलले जाते. दाढीच्या आतली त्वचा घामाने ओली राहते, तिला हवा लागत नाही. वर पावसाचे पाणी, हेल्मेटचा पट्टा, मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची धूळ. चार तक्रारी नेहमी दिसतात आणि त्या एकमेकींपासून ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली कोंड्याची. डोक्यात असतो तसा कोंडा दाढीतही होतो. भुवया आणि नाकाच्या बाजूला तेलकट पापुद्रे दिसत असतील तर हीच शक्यता जास्त. मलासेझिया ही त्वचेवर नेहमी राहणारी यीस्ट वाढल्याने हे होते. दाढीत खाज सुटली की लोक तेल चोळतात आणि यीस्टला ते तेलच खाद्य मिळते. डॉक्टरच्या सल्ल्याने किटोकोनाझोलचा शाम्पू दाढीला पाच मिनिटे लावून धुतला, आठवड्यातून दोनदा, तर बहुधा आटोक्यात येते.

दुसरी जबड्याखालच्या पुटकुळ्यांची. उलटा हात मारून, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध वस्तरा फिरवून, अगदी गुळगुळीत दाढी केली की कापलेले टोकदार केस त्वचेत परत घुसतात, विशेषतः केस कुरळे असतील तर. लाल गाठी येतात, पुढे काळे डाग राहतात. अशा माणसांनी पूर्ण दाढी करण्याऐवजी ट्रिमरने एक-दोन मिलिमीटर ठेवली तर त्रास बहुतांशी थांबतो. दाढी ठेवण्याचे हे मात्र वैद्यकीय कारण म्हणता येईल.

तिसरी चाई. दाढीत नाण्याएवढी गुळगुळीत जागा अचानक मोकळी होते. खाज नाही, पापुद्रे नाहीत. शरीराची प्रतिकारयंत्रणा केसांच्या मुळांवर चालून जाते म्हणून हे होते. पुष्कळांचे केस आपोआप परत येतात, काहींना डॉक्टर त्या जागी इंजेक्शन देतात. घरी त्यावर लसूण चोळायची पद्धत आहे. ती सोडावी, कारण चेहऱ्याची त्वचा लसणाने भाजते.

चौथी तक्रार नायट्याची, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. कड लाल, मधला भाग त्यामानाने मोकळा, प्रचंड खाज. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत नायट्याची साथच पसरली आहे. तिच्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळाले आणि टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, तीन-चार औषधे एकत्र असलेल्या मलमांनी ही साथ आणखी बिघडवली. त्या मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. चेहऱ्यावर ते महिनोन्महिने लावले तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे आयएडीव्हीएल, याविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवते आहे. दाढीतला नायटा ही डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे. मुळांत शिरलेल्या बुरशीला नुसते मलम पुरत नाही, गोळ्या लागतात आणि त्या पूर्ण मुदत घ्याव्या लागतात. घरात कुणाला नायटा असेल तर टॉवेल आणि ट्रिमर वेगळे ठेवावेत.

रोजची निगा मात्र अगदी थोडी आहे. घरी आल्यावर साध्या पाण्याने दाढी धुवायची, दिवसाआड सौम्य फेसवॉश, आणि मग मुळापर्यंत कोरडी करायची. कोरडी करणे हे सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच राहून जाते. पालिकेचे तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे पाणी केसांना चांगले मानवते. टँकरवर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत केस राठ होतात, तिथे शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यावा. तेल लांब दाढीला दोन-तीन थेंब, तेही हिवाळ्यात. पाच मिलिमीटरच्या दाढीला मुंबईत तेलाची गरज नाही. तेलाने दाढी उगवते असे सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. हा बाजार किती मोठा आहे हे यावरून कळावे, की पॅराशूट खोबरेल विकणाऱ्या, कलिन्यात मुख्यालय असलेल्या मॅरिकोने अहमदाबादच्या 'बिअर्डो' कंपनीत २०१७ मध्ये ४५ टक्के वाटा घेतला आणि २०२० मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. 'बॉम्बे शेव्हिंग कंपनी'च्या नावात मुंबई आहे, पण तिचा कारभार दिल्ली-गुरुग्राम परिसरातून चालतो.

मिनॉक्सिडिलबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण ते आता मुलांच्या कपाटात सापडते. हे औषध डोक्याच्या केसांसाठी मान्य आहे, दाढीसाठी नाही. थायलंडमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत तीन टक्क्यांच्या द्रावाने दाढी काहीशी वाढल्याचे दिसले. पण ते मुळात रक्तदाबाच्या औषधातून आलेले रसायन आहे. त्याने चेहऱ्याची आग होऊ शकते, धडधड होऊ शकते, नको तिथे केस येऊ शकतात, आणि घरात मांजर असेल तर तिच्यासाठी ते विष आहे. विशीच्या आतल्या मुलाने ते स्वतःच्या मनाने मुळीच लावू नये. दाढीचे प्रत्यारोपणही अंधेरीच्या क्लिनिकांत सर्रास सुचवले जाते. डोक्यामागची मुळे काढून गालावर लावण्याची ही शस्त्रक्रिया आहे. मार्च २०१९ मध्ये साकीनाक्याच्या एका व्यावसायिकाचा डोक्यावरच्या केस-प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला आणि शहर हादरले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले की असे काम पात्र डॉक्टरनेच करायचे, तंत्रज्ञाने नव्हे. क्लिनिकमध्ये गेल्यावर मुळे कोण काढणार, भूल कोण देणार आणि गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभाग कुठे आहे, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आणि कारागीर. दाढीविषयीच्या लिखाणात उत्पादनांची नावे येतात, त्याचे नाव येत नाही, हे मला खटकते. महाराष्ट्रात या व्यवसायाला मोठा वारसा आहे. वारकऱ्यांचे संत सेना महाराज नाभिक होते. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांवरचा वार अडवणारे जिवा महाला, आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांच्या वेशात पालखीत बसून मरण पत्करणारे शिवा काशिद हे याच समाजातले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असा ठराव केला. धंद्याचे उत्पन्न सोडून समाजसुधारणेला दिलेला असा पाठिंबा विरळा. आज उपनगरांतल्या खुर्च्यांमागे कोकण-देशावरचे नाभिक आहेत तसेच उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कारागीरही आहेत. दिवसाला बारा तास उभे राहणारे हे लोक. करोनाच्या टाळेबंदीत मार्चपासून त्यांची दुकाने बंद राहिली. २८ जून २०२० ला राज्याने केस कापायची परवानगी दिली, पण त्वचेशी संबंधित कामे, म्हणजे दाढी, तेव्हाही बंदच ठेवली. त्याच काळात हजारो पुरुष घरी ट्रिमर वापरायला शिकले आणि साध्या दाढीचे गिऱ्हाईक कायमचे कमी झाले. सेटिंगने ते काही अंशी भरून आले.

म्हणून माझे मत असे, की तेल आणि सिरमचे पैसे वाचवून ते चांगल्या हातावर खर्च करावेत. वाढ कोणत्या दिशेची आहे हे बोटाने पाहणारा, मशीन मारण्यापूर्वी किती नंबर हे विचारणारा कारागीर सापडला की त्याला धरून राहावे. आठवड्यात घरी मान आणि ओठावरचे केस आपण पाहायचे, दहा-बारा दिवसांनी आकार त्याच्याकडून घ्यायचा. पहिल्यांदा गेल्यावर हवी त्यापेक्षा एक नंबर जास्त सांगावा. कमी करता येते, वाढवता येत नाही. लग्न ठरलेल्यांनी नवी दाढी मुंडावळ्या बांधायच्या आठवड्यात करून पाहू नये, महिनाभर आधी करून पाहावी आणि लग्नापूर्वी दोन-तीन दिवस नुसती रेषा साफ करून घ्यावी.

स्वच्छतेची मागणी मात्र संकोच न करता करावी. वस्तऱ्यात लावायची अर्धी ब्लेड आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. वापरलेल्या पात्यातून हेपेटायटिस बी आणि सी पसरू शकतात. बी साठी लस आहे, सी साठी नाही. तुरटीने रक्त थांबते, जंतू मारायला ती पुरत नाही, आणि एकच तुरटीचा खडा सगळ्यांच्या गालावर फिरवण्याची पद्धत तर सोडायलाच हवी. ट्रिमरच्या कंगव्याबद्दल कुणी विचारत नाही, तरी नायटा त्यातूनही पसरतो; कंगवा धुऊन पाते स्पिरिटने पुसायला दोन मिनिटे लागतात. कारागिराला हे चांगल्या शब्दांत सांगितले तर तो करतो. आपला कंगवा आणि ट्रिमर घरून नेला तरी बहुतेक ठिकाणी चालतो.

चाळिशीनंतर रंगाचा प्रश्न येतो. पाच-दहा मिनिटांत काळे करणाऱ्या अनेक रंगांत पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असते आणि त्याची ॲलर्जी दाढीवर फार वाईट उमटते: ओठ आणि डोळे सुजतात, गालावर पाणी सुटते. पहिल्या वेळी काही झाले नाही म्हणून दुसऱ्या वेळी होणार नाही असे नसते, म्हणून प्रत्येक वेळी कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास थांबावे. काळी मेहंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बहुधा हेच रसायन असते. पांढरी दाढी आखूड ठेवली, मानेची रेषा नेटकी ठेवली, तर रंगाशिवाय ती छान दिसते. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या बागेत सकाळी चालायला येणाऱ्या साठीच्या गृहस्थांत अशा दाढ्या आता कितीतरी आहेत.